राहिलेला गणपती

दिवाळी होऊन गेल्यावर गणपतीच्या कारखान्यात गिऱ्हाईक फिरकत नाही. यायचं तर भाद्रपदाच्या आधी, आणि तेही मूर्ती न्यायला. म्हणून हमरापूरच्या त्या गल्लीत भर दुपारी एक टेम्पो येऊन थांबला आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर शाल पांघरून, कमरेला पट्टा लावून बसलेला गणपती क्रांतीला दिसला, तेव्हा तिला हसूच फुटलं.

"हसू नका हो," टेम्पोवाला उडी मारून उतरला. "इथं माझा जीव जायची वेळ आलीय."

त्याच्या केसांत भाताच्या पेंढ्याची काडी अडकली होती आणि चेहरा पार उतरला होता. तान्हं मूल उचलावं तसा त्याने गणपती उचलला आणि आत आला. आत सगळीकडे कच्च्या, पांढऱ्या मूर्ती वाळत होत्या. त्यांच्या मधोमध क्रांती जमिनीवर पाट घेऊन बसली होती. पुढच्या वर्षीच्या मूर्तींच्या सोंडा घासायचं काम चाललं होतं.

"ठेवा इथं."

"इथं तुमच्या काठ्या आहेत."

"मग उचला त्या."

त्याने गणपती एका कडेवर सावरला, दुसऱ्या हाताने तिच्या दोन्ही कुबड्या उचलल्या आणि भिंतीवरच्या उंच खिळ्याला अडकवून टाकल्या. क्रांती बघत राहिली. कुबड्या दिसल्या की माणसांचा चेहरा कसा होतो, हे तिला पाठ होतं. आधी डोळे पायांवर जातात, मग पटकन बाजूला होतात, मग आवाज मऊ होतो. याचं तसलं काहीच झालं नाही. त्याला फक्त जागा हवी होती.

"आता मी उठायचं कसं?" तिने विचारलं.

त्याने वर खिळ्याकडे पाहिलं, खाली तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. "तुम्ही उठूच नका," तो म्हणाला. "आधी याचं बघा."

शाल बाजूला झाली आणि क्रांतीचं हसू थांबलं. मूर्तीचा डावा डोळा गेला होता. रंग तर गेलाच होता, पण खालची मातीही नखाएवढी उडाली होती.

"मखरातली दिव्यांची माळ काढायला चढलो. शिडीचं टोक लागलं," तो म्हणाला. त्याचं नाव प्रज्योत. पोयनाडचा, खाडीकाठच्या खारेपाटातला. "आमची भाविका वहिनी गरोदर आहे. घरात पोटुशी बाई असली की आमच्यात गणपती बुडवत नाहीत. बाळ होईपर्यंत बाप्पा घरातच."

"माहीत आहे. आमच्यातही तीच रीत."

"मग तुम्हीच सांगा. डोळा फुटलेली मूर्ती घरात ठेवायची नाही. आणि वहिनीचे दिवस भरेपर्यंत बुडवायचीही नाही. करू काय मी? आई पालीला बल्लाळेश्वराला गेलीय, वहिनीसाठीच. संध्याकाळच्या एसटीनं परत येईल. आल्या आल्या आधी दिवा लावते ती."

"पुटपुटताय काय मगापासून?" क्रांतीने माती कालवता कालवता विचारलं.

"देवाची माफी मागतोय."

"ती बाहेर जाऊन मागा. माझा हात हलेल."

पण तो बाहेर गेला नाही. क्रांतीने शाडूची ओली माती भरली, टेबलफॅन लावून वाळवली, कानशीने हळूच घासली. मग पांढरा रंग. मग बुबुळ. शेवटी सगळ्यात बारीक कुंचला घेऊन ती पुढे झुकली. डोळ्यांची आखणी हे कारखान्यातलं सगळ्यात अवघड काम. बाकी सगळं चुकलं तरी झाकता येतं, नजर झाकता येत नाही. तिने श्वास रोखला. काळी रेघ पापणीच्या कडेने वळली आणि टोकाशी सुटली. तिने कुंचला उचलला, श्वास सोडला... आणि पाहिलं तर प्रज्योत लालबुंद होऊन उभा.

"अहो, तुम्ही तरी श्वास घ्या!"

"तुम्ही घेत नव्हता," तो धापा टाकत म्हणाला, "म्हणून मग मीपण..."

तिची आई कोकिळा चहा घेऊन दारात आली, तेव्हा तिची मुलगी एका परक्या माणसाकडे बघून पोट धरून हसत होती. कोकिळाने चहा ठेवला. खिळ्यावरच्या कुबड्या काढून मुलीच्या हाताशी ठेवल्या.

प्रज्योत पुढच्याच आठवड्यात परत आला.

"डोळा कसा आहे?" क्रांतीने विचारलं.

"बघतो सगळ्यांकडे. पण माझ्याकडे जरा जास्तच."

"तसाच आखलाय मी. लबाड माणसावर नजर राहावी म्हणून."

मग हे चालूच राहिलं. कधी भाडं पेणला होतं, कधी वडखळला, आणि कधी कुठलंच भाडं नसताना टेम्पो चुकून हमरापुरात वळायचा. तिचे वडील अनंता त्याला मातीची पोती उतरवायला लावायचे, आणि तो उतरवायचा. बोलता बोलता क्रांतीने त्याला सगळं सांगितलं. जन्मली तेव्हाच पाठीच्या खालच्या भागात मणका उघडा होता, स्पायना बिफिडा म्हणतात त्याला. काही दिवसांची असताना मुंबईला ऑपरेशन झालं. गुडघ्याखाली जोर नाही, म्हणून पायांना आधाराच्या पट्ट्या आणि हातात कुबड्या. लघवीही आपोआप होत नाही, दर काही तासांनी नळी घालून करावी लागते. त्यासाठीच खांद्यावर सतत पिशवी. लहानपणी ऑपरेशनं झाली की काहींना रबर सोसत नाही, तसं तिलाही सोसत नाही. डॉक्टरांनी रबरी हातमोजे घातले तरी अंगावर गांधी उठतात.

हे सगळं तिने मुद्दाम सांगितलं होतं. ऐकून माणूस निघून जायचा असेल तर लवकर जावा. तो गेला नाही. त्याने एवढंच विचारलं, "पिशवी जड आहे का? मी धरू?"

डिसेंबरात भाविकाला मुलगी झाली. राहिलेला गणपती वाजतगाजत खाडीवर गेला, आणि बारशाचं बोलावणं हमरापूरला आलं.

क्रांती आईबरोबर गेली. माणसांनी भरलेलं घर, पाळण्याला झेंडूच्या माळा, आणि छताला, खिडक्यांना, दाराच्या चौकटीला फुगे. लाल, पिवळे, निळे. तिला भिंतीशी खुर्ची मिळाली, आणि नेमके डोक्यावर फुग्यांचे घोस. थोड्या वेळाने तिच्या ओठांची आग होऊ लागली. मानेला खाज सुटली. उठावं तर पुढे बायकांची दाटी. पाळण्याचं गाणं चाललेलं. आता श्वासही अडायला लागला तर... तिने आईला खूण केली. आईचं लक्ष नव्हतं.

प्रज्योतचं होतं.

तो माणसांतून वाट काढत आला, तिच्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाला, "रबर?" तिने मान हलवली. त्याने तिला कुबड्या दिल्या, पुढे वाट करत ओटीवर वाऱ्याला आणून बसवलं. तिच्या पिशवीतली अॅलर्जीची गोळी काढून दिली, पाणी दिलं, आग ओसरेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग आत जाऊन फुगे काढायला लागला. एकेक नाही, घोसच्या घोस ओढून मागच्या दाराने बाहेर. लेकरं रडायला लागली. गाणं थांबलं.

"फुगे का काढतोस रे?" त्याची आई सखुबाई पाळण्याशी उभी होती.

"आई, तिला सोसत नाही."

"कोनाला?"

सगळ्यांच्या नजरा उघड्या दारातून ओटीवर गेल्या. सखुबाईने क्रांतीला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं, मग मुलाच्या हातातल्या फुग्यांकडे पाहिलं. तिला कळायचं ते कळलं.

निघताना सखुबाई तिला मागच्या पडवीत घेऊन गेली. बाई वाईट नव्हती. आवाजही चढवला नाही.

"बाय, राग मानू नको. ईचारल्याबिगर मना झोप न्हाय यायची. तुला... पोरंबाळं व्हतील का?"

या प्रश्नाचं उत्तर क्रांतीला वयात आल्यापासून पाठ होतं. आईच सांगायची कोणी विचारलं की. तेच तिने सांगितलं. "नाही."

आजवर हा शब्द कसा झटकन बाहेर यायचा. आज आत पाळणा हलत होता, तान्हीचं ते कोवळं ओरडणं ऐकू येत होतं... आणि आज तो शब्द ओढून काढावा लागला. त्या क्षणी तिला कळलं, आणि ती घाबरली. तिला मूल हवं होतं. आपलं, स्वतःचं. आपल्याला ते हवंय हे तिने स्वतःलाही कधी कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने प्रज्योतचा फोन उचलला नाही. टेम्पोचा आवाज आला की ती आतल्या खोलीत जायची. अखेर एक दिवस तो सरळ तिच्या पाटासमोर मांडी घालून बसला. कुबड्या त्याच्या मागे राहिल्या.

"द्या त्या," ती म्हणाली.

"देतो. आधी सांगा, माझं काय चुकलं?"

"मला मूल होणार नाही."

"मी मागितलं?"

"तुमची आई मागेल."

"आईला केतनदादा आहे, त्याची पोर आहे. मी तुम्हाला मागतोय."

"तुम्हाला नको असेल!" तिचा आवाज फुटला. "मला हवंय. कळलं? मला हवंय, आणि ते होणार नाही, आणि तुमच्या घरात रोज दुसऱ्याचा पाळणा बघत मी..." तिने हातातली सोंड एवढी दाबली की ती मोडली.

त्याने मोडलेला तुकडा उचलून तिच्या पाटाशी ठेवला. मग म्हणाला, "होणार नाही असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?"

क्रांतीने तोंड उघडलं... आणि तिला एकाही डॉक्टरचं नाव आठवेना.

मार्चमध्ये ते मुंबईला निघाले. प्रज्योतने टेम्पो मांडव्याच्या बाजूला वळवला.

"मुंबई तिकडे आहे," क्रांती म्हणाली.

"रस्त्याला खड्डे आहेत. तुमच्या पाठीला हादरे बसतील. रो-रो बोटीनं जाऊ, टेम्पोसकट."

"आणि तेवढाच वेळ जास्त मिळतो."

"तेही आहे."

दोघांच्या मधे बसलेल्या कोकिळाने खाकरून घसा साफ केला. मागे पांढऱ्या कांद्याच्या माळा डुलत होत्या.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळे जुने रिपोर्ट पाहिले, तपासलं, आणि विचारलं, "मूल होणार नाही, हे कोण म्हणालं?"

क्रांतीने आईकडे पाहिलं. कोकिळा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"हिचं ऑपरेशन झालं तवा मी त्या सर्जनला ईचारलं व्हतं," ती म्हणाली. "हिचं लगीन व्हईल का, हिला पोरं व्हतील का. तो काय बोललाच न्हाय. खाली बघून लिवत राहिला. मी म्हनलं... वाईट असंल म्हनून सांगत न्हाय."

"म्हणजे नाही असं तो म्हणालाच नव्हता?" क्रांतीने विचारलं.

"न्हाय."

क्रांती आईकडे बघत राहिली. एक माणूस गप्प राहिला होता, आणि त्या गप्प राहण्यावर तिचा सगळा जन्म बेतला होता. तिला रागाने ओरडावंसं वाटलं. पण आईचा तो हात पाहिला. पंचवीस वर्षांपूर्वी तान्ही पोर मांडीवर घेऊन ती त्या सर्जनसमोर बसली असेल, तेव्हासारखा तो आजही पदराचं टोक पिळत होता. तिने तो हात आपल्या हातात घेतला.

डॉक्टरीणबाई लपवाछपवी करणाऱ्या नव्हत्या. स्पायना बिफिडा असलेल्या बऱ्याच बायकांना दिवस राहायला अडचण नसते, त्या म्हणाल्या, पण पुढची वाट सोपी नाही. फॉलिक अॅसिडची गोळी नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेची, आणि तीही दिवस राहायच्या निदान तीन महिने आधीपासून. लघवीचा जंतुसंसर्ग वरचेवर होईल, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागेल. पोट वाढलं की तोल जाईल, शेवटी काही महिने चाकाची खुर्ची लागेल. बाळंतपण कसं करायचं, भूल कुठे द्यायची, हे तुझी पाठ बघून आधीच ठरवावं लागेल, मोठ्या इस्पितळातच. आणि बाळाच्या मणक्यातही हे येण्याची शक्यता शंभरात थोडीच, पण इतरांहून जास्त. पाचव्या महिन्याच्या आसपासच्या सोनोग्राफीत नीट कळतं.

"म्हणजे हो, की नाही?" प्रज्योतने विचारलं.

"म्हणजे हिने ठरवायचं," बाई म्हणाल्या.

परतीच्या बोटीवर कोकिळा टेम्पोतच डोळे मिटून बसली. झोपली होती की नव्हती, देव जाणे. क्रांती कठड्याला टेकून उभी होती. खारा वारा, मागे पडत जाणारी मुंबई, पुढे अजून न दिसणारा मांडवा.

"घाबरलात?" तिने विचारलं.

"खूप," प्रज्योत म्हणाला. "तुम्ही?"

"मला नाही म्हणायची सवय होती. नाही म्हटलं की भीती नसते. आता..." तिने शब्द सोडून दिला. "समजा जमलं नाही? किंवा मीच म्हटलं, नको, माझ्या जिवाला झेपणार नाही?"

"तर आपण दोघं. आणि लाल-निळे फुगे कधीच नाहीत."

ती हसली. मग हसता हसता रडली. त्याने हात पुढे केला, पण तिने कुबडी सोडली नाही. फक्त कुबडीवरची बोटं जराशी सैल केली, एवढी की त्याची बोटं त्यांत मावावीत.

"आधी तुझ्या घरी ने मला," ती म्हणाली. 'तू' म्हणाली, आणि दोघांनाही ते कळलं. "मी आईंना खोटं सांगितलंय. ते दुरुस्त करायचंय."

सखुबाई वाल सोलत बसली होती. क्रांतीने तिला सगळं सांगितलं. गोळ्या, मूत्रपिंडं, खुर्ची, शंभरातले थोडे... काही वगळलं नाही. होईलच असंही म्हणाली नाही.

सखुबाईचे हात थांबले नाहीत. "केतनच्या टायमाला मना कोनी येवडं सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "मरता मरता वाचले. सांगितलं असतं तर बरं झालं असतं." मग मान वर केली. "गनपतीचा डावा डोला तूच आखलास ना?"

प्रज्योत दारातच थिजला. "आई, तुला..."

"पालीवरनं आले, दिवा लावला, तवाच वळखला. हात परका व्हता."

"मग बोलली नाहीस?"

"बोलून काय? बघत व्हता ना तो." तिने वालाची टोपली क्रांतीकडे सरकवली. "सोल थोडे. जेवूनच जा."

वैशाखात लग्न झालं. घराला उंबऱ्याशी उतार करून घेतला, न्हाणीघरात हाताला धरायला दांडी बसवली. त्या भाद्रपदात क्रांतीने सासरचा गणपती स्वतः आखला आणि तो खाडीवर गेला, तेव्हा तीही काठापर्यंत गेली. मग कित्येक महिने दोघांनी विचार केला, भांडले, पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. मग फॉलिक अॅसिडची गोळी सुरू झाली.

आणि पुढच्या भाद्रपदात, गौरी आल्या त्याच सकाळी, तिला कळलं.

तिने फक्त प्रज्योतला सांगितलं आणि त्याच्याकडून शपथ घेतली. सोनोग्राफी होईपर्यंत कोणाला नाही. आईंनाही नाही. "आणि गणपती?" त्याने विचारलं होतं. "गणपती जाऊ दे," ती म्हणाली होती. "राहिला तर गल्लीला कळेल. येणारी-जाणारी प्रत्येक बाई माझ्या पोटाकडे बघेल. आणि मग काही वाईट निघालं तर... तो तसाच बसून राहील माझ्यासमोर. नको."

विसर्जनाची आरती संपली. बाहेर भुरभुर पाऊस होता. अंगणात झांजा वाजत होत्या, शेजारपाजार जमला होता. सखुबाईने बाप्पाच्या हातावर दही ठेवलं. केतनने हातगाडी दाराशी लावली आणि ओरडला, "गणपती बाप्पा..."

प्रज्योत पाटासमोर वाकला. दोन्ही हात पाटाखाली घातले. आणि थांबला.

"उचल की रे!" केतन म्हणाला.

त्याने उचलला नाही. मान वळवून क्रांतीकडे पाहिलं. शपथ मोडली नव्हती त्याने, ओठही हलवले नव्हते. फक्त बघत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल होत चालला होता.

क्रांती भिंतीला टेकून उभी होती. कुबड्यांच्या मुठी घामाने निसटत होत्या. आता गप्प राहिलं की झालं. गाडी निघेल, खाडी येईल, पाणी सगळं घेऊन जाईल. नुसतं गप्प राहायचं... तिला तो सर्जन आठवला, खाली बघून लिहीत राहिलेला. तिने गणपतीकडे पाहिलं. दोन्ही डोळे तिच्याच हातचे. सरळ तिच्याकडे बघत होते.

भीती गेली नव्हती. भीतीसकट ती पुढे झाली.

"गणपती राहू दे," ती म्हणाली.

आवाज फार मोठा नव्हता. पण अंगणातली एक झांज थांबली, मग दुसरी. त्या किनाऱ्यावर या तीन शब्दांचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. भाविकाने तोंडावर हात ठेवला. केतन गाडीचा दांडा धरून तसाच उभा राहिला.

सखुबाई क्रांतीकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले. बाप्पाच्या हातावरचं दही तिने पदराने हळूच पुसून घेतलं. मग दाराशी जमलेल्या माणसांकडे वळली.

"मग चपला कशाला घालून बसलाव सगले? काढा त्या. आत या. जेवायला वाढते."

माणसं आत येऊ लागली. प्रज्योत अजून तसाच वाकलेला, हात पाटाखाली, चेहरा लालबुंद. क्रांती त्याच्यापर्यंत गेली, एक कुबडी भिंतीला लावली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आता तरी श्वास घे," ती म्हणाली.